काट्यावरचा कॉम्प्युटर मधेच रिस्टार्ट मारतो: प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

सकाळी साखर कारखान्याच्या केनयार्डातून, म्हणजे ऊसगाड्यांच्या आवारातून, फोन आला. भरल्या गाड्यांच्या काट्यावरचा कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतोय. कधी दिवसात दोनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. माझ्या आधी जो कोणी बघत होता त्यानं दोनदा फॉरमॅट मारून झालंय, यूपीएसची बॅटरी बदलून झालीय, एक अँटीव्हायरस काढून दुसरा घालून झालाय. आता "बोर्ड गेला असणार, नवीन मशीनच घ्या" इथवर गोष्ट आली आहे.

अकराला पोचलो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर डांबरीपर्यंत. मांडणी अशी आहे: ५० टनी काटा, १० किलोच्या टप्प्यानं वजन दाखवणारा. लोडसेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरांच्या) वायरी केबिनमधल्या इंडिकेटरला (आकडा दाखवणाऱ्या डब्याला) येतात. इंडिकेटर अखंड वजन ओकत असतो, ते सिरियल केबलवरून यूएसबी कन्व्हर्टरमध्ये आणि तिथून कॉम्प्युटरला. सॉफ्टवेअर कॉम-३ हा सिरियल पोर्ट वाचतं आणि पावती छापतं. विंडोज १०, ८ जीबी रॅम, साधं टॉवर. इंडिकेटरला वैधमापनचं सील आहे, त्याला हात लावायचा नाही.

काटा क्लार्क आण्णा. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवतो: "आधी टुणकन वाजतंय, मग निळं होतंय, मग परत पहिल्यापास्नं." वाजतं कुठून? मॉनिटरच्या स्पीकरमधून.

त्यांची दुसरी तक्रार अशी की रिस्टार्टनंतर कधीकधी माऊस अंगात आल्यासारखा नाचतो, क्लिकसुद्धा आपोआप होतात. ह्याचं कारण लगेच कळलं. विंडोज सुरू होताना सिरियल पोर्टावर सतत काही येत असेल, तर तिला तो जुन्या काळचा सिरियल माऊस वाटतो. जीपीएस रिसीव्हर जोडणाऱ्यांना हा खेळ माहीत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिरियल बॉलपॉइंट' नावाचं भूत बसलेलं होतं, ते डिसेबल केलं. नुसतं अनइन्स्टॉल केलं असतं तर पुढच्या वेळी परत आलं असतं.

रिस्टार्टचं मात्र काहीच हाताला लागत नाही, कारण डंप फाइलच (क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची नक्कल) बनत नाहीत. आधीच्या माणसानं 'स्पीड वाढावा' म्हणून पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) बंद केलेली. क्रॅश होताना विंडोज मेमरीतला मजकूर आधी पेजफाइलमध्ये उतरवते आणि पुढच्या बूटला त्याची डंप फाइल करते. पेजफाइल नाही तर पुरावा नाही. सी ड्राइव्हवर ती परत चालू केली, 'स्मॉल मेमरी डंप' निवडलं. ऑटोमॅटिक रिस्टार्ट एरवी मी आधी बंद करतो, म्हणजे निळा स्क्रीन नीट वाचता येतो. इथं चालू ठेवलं. रात्री तीन वाजता मशीन निळं होऊन थांबलं तर बाहेर ट्रॉल्या उभ्या राहतील, आणि बंद-चालू कुठून करायचं ते रात्रपाळीच्या पोराला माहीत नाही.

निघताना एक शेतकरी खिडकीशी भांडत होता. त्याची ट्रॉली काट्यावर असतानाच रिस्टार्ट झाला, परत वजन घेतलं तर २० किलोचा फरक. आण्णा सांगत होते की पहिल्या वेळी ड्रायव्हर ट्रॅक्टरवर बसून होता किंवा चाक कडेला टेकलं होतं. तो ऐकायला तयार नाही. "काटामारी" हा शब्द निघालाच. त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

४ डिसेंबर, बुधवार

इव्हेंट व्ह्यूअरची (विंडोजच्या नोंदवहीची) नक्कल पेनड्राइव्हवर आणली होती, रात्री निवांत बघितली. केबिनच्या मशीनला इंटरनेट नाही आणि ते तसंच राहू दे.

कर्नेल-पॉवर ४१. ही नोंद म्हणजे "मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो" एवढंच. बरेच जण ती बघून थेट एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) बदलतात. पण तिच्या 'डिटेल्स'मध्ये बगचेक कोडचा, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या कारणाचा, एक आकडा असतो, तोही नेहमीच्या षोडशमान पद्धतीत नाही, दशमानात. २१ नोव्हेंबरपासून अशा ११ नोंदी. त्यातल्या ५ मध्ये आकडा शून्य, ४ मध्ये २०९, एकात १०, एकात २५.

शून्य म्हणजे विंडोजला काही कळायच्या आत करंट गेला, किंवा मशीन असं गोठलं की बटण दाबून बंद करावं लागलं. पाचही शून्य २७ नोव्हेंबरच्या आधीचे आणि २७ लाच यूपीएसची बॅटरी बदललेली. म्हणजे आधीच्या माणसाचं निदान अर्धं बरोबर होतं. दोन आजार एकाच वेळी होते, त्यानं एक बरा केला आणि दुसरा त्याच लक्षणांनी चालू राहिला. बिचाऱ्यावर उगाच बोल लागला.

२०९ म्हणजे षोडशमानात डी-१: 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. १० म्हणजे ए, त्याचाच भाऊ. २५ म्हणजे १९, 'बॅड पूल हेडर'. तीन वेगळे कोड आणि सगळे मेमरीच्या गोंधळाचे. असं चित्र दिसलं की दोनच संशयित उरतात: रॅम खराब, किंवा कुठलातरी ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) दुसऱ्याच्या जागेत हात घालतोय.

५ डिसेंबर, गुरुवार

रॅम तपासायची तर मेमटेस्ट रात्रभर चालवायला हवी. हंगामात काटा २४ तास चालू, रात्रभर कोण देणार? दुकानातली तपासलेली ८ जीबीची कांडी घालून त्यांची घेऊन आलो. दहा मिनिटांचं काम, तेवढ्यात बाहेर चार हॉर्न. त्यांची कांडी इथल्या मशीनमध्ये मेमटेस्टला लावून झोपलो.

६ डिसेंबर, शुक्रवार

चार फेऱ्या, शून्य चुका. तिकडं माझ्या रॅमवर आज संध्याकाळी ५:४० ला क्रॅश. रॅम सुटली.

७ डिसेंबर, शनिवार

तीन डंप जमले: ४ तारखेचा, कालचा, आजचा दुपारचा. जेवण झाल्यावर विनडीबीजीत (डंप वाचायच्या प्रोग्राममध्ये) उघडले.

पहिला: कोड ए, बोट विंडोजच्या स्वतःच्या कर्नेलकडे, म्हणजे गाभ्याकडे. याला अर्थ नाही. सगळ्यांचाच माल कर्नेलच्या हातून जातो. कोणी चुकीचा पत्ता हातात दिला, तर अडखळणारा कर्नेल असतो आणि देणारा कधीच निघून गेलेला असतो.

दुसरा: कोड १९, बोट नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडे. त्या मशीनला नेटवर्कची वायरच नाही! ह्याच्या शेजारच्या मेमरीत कोणीतरी रेघोट्या मारून गेलंय, हा फक्त सापडला.

तिसरा: कोड डी-१. दुसरा पॅरामीटर २, तिसरा ०. म्हणजे आयआरक्यूएल २ वर असताना कुणीतरी एक पत्ता वाचायला गेलं आणि तिथं काही नव्हतं. ही पातळी म्हणजे कर्नेलची घाईची वेळ. त्या वेळी डिस्कवरून पान आणून देईपर्यंत कोणी थांबू शकत नाही, चुकीच्या पत्त्याला माफी नाही, मशीन तिथंच पाडलं जातं. बोट विंडोजच्या यूएसबी ड्रायव्हरकडे. पण स्टॅकमध्ये (कुणी कुणाला बोलावलं त्या यादीत) दोन पायऱ्या खाली कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरचं नाव आहे.

मॉड्यूलांची यादी तारखांसकट काढली. मायक्रोसॉफ्टचे सोडून बाकी सगळे २०१९ नंतरचे, आणि मधेच हा एक, २०१० सालचा. विंडोज १० वर नवे कर्नेल ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या सहीशिवाय चढत नाहीत, पण जुन्या सहीच्या जुन्यांना अजून सवलत आहे. असे म्हातारे त्या सवलतीवर जगतात.

साक्षीदार एकच आहे. अजून नाव घेत नाही.

८ डिसेंबर, रविवार

काट्यावर जाऊन आलो. आधी फुकटचा उपाय: यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकामं बसलेलं उपकरण झोपवणं) बंद, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या 'पॉवर वाचवण्यासाठी बंद करू दे' वरची खूण काढली, फास्ट स्टार्टअपही बंद. माझा तर्क असा की जुना ड्रायव्हर झोपेतून उठताना धडपडत असेल. खरं तर इंडिकेटर अखंड बोलत असताना कन्व्हर्टर झोपणार कधी, हा प्रश्न घरी येताना गाडीवर सुचला. आता केलंय तर बघू.

१२ डिसेंबर, गुरुवार

फोन केला. चार दिवस काही नाही. आण्णा खूश.

१४ डिसेंबर, शनिवार

आज दत्तजयंती. सहावा दिवस, शांत. शेती अधिकारी साहेबांचा स्वतः फोन, बिल पाठवा म्हणाले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, जुलैमध्ये विमानतळांवर सगळीकडे निळे स्क्रीन आले होते तसलंच होतं का हे? म्हटलं, जात तीच. १९ जुलैला क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेट फाइलमुळे त्यांचा कर्नेलमधला ड्रायव्हर हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीनं पडली. पण ती मशीनं दर बूटला पडत होती, त्यामुळे कारण काही तासांत सापडलं. दर वेळी पडणाऱ्याचं दुखणं शोधायला सोपं. आपला पाहुणा मनात येईल तेव्हा येतो.

बिल अजून केलं नाही. उपाय लागू पडला असं मला वाटत नाहीये, कारण तो का लागू पडावा ते मला सांगता येत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी साडेसहा आणि आठ, दोनदा क्रॅश. बिल केलं नाही ते बरंच झालं.

१८ डिसेंबर, बुधवार

आज हत्यारं गाडीतच ठेवली. आण्णांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि त्यांची वही मागितली. कारखान्याचं रजिस्टर वेगळं, ही त्यांची स्वतःची. शंभर पानी, कव्हरवर गणपती. कुठली गाडी कुठं अडली, कुणाचा टायर फुटला, कुणाशी वाद झाला, सगळं वेळेसकट. कॉम्प्युटर बंद पडला की चौकोन करून त्यात 'कॉ.बंद'. मी माझ्या यादीतल्या वेळा एकेक करून वहीत शोधत गेलो.

२३ नोव्हेंबर, कॉ.बंद. वरच्या ओळीत: 'ट्रॉली हुक तुटला, बापूला बोलावलं.' २९ नोव्हेंबर, कॉ.बंद. दोन ओळी वर: 'जाळी वेल्डिंग.' ६ डिसेंबर ५:४०: 'बापू आला, एक्सल.' ८ ते १५ पर्यंत चौकोन नाही, आणि बापूही नाही.

"बापू कुठं होते त्या आठवड्यात?"

"सप्त्याला बसला होता की वाडीला. दत्तजयंती करूनच आला. तवर मोडलेल्या ट्रॉल्या फाट्यावर धाडत हुतो."

म्हणजे माझ्या सिलेक्टिव्ह सस्पेंडचं पुण्य नृसिंहवाडीला गेलेलं होतं.

चारच्या सुमारास एक ट्रॉली हुक तुटून बाजूला लागली. बापू आले. वेल्डिंग मशीनची वायर केबिनच्या मागच्या बोर्डातून घेतली, अर्थिंगची चिमटी हाताशी येईल तिथं लावली, आणि हाताशी येतो तो काट्याच्या कडेचा लोखंडी अँगल. रॉड टेकवला. मी केबिनच्या खिडकीतून इंडिकेटरकडे बघत होतो. काटा रिकामा. शून्य. मग १०. मग उणे १०. परत शून्य. आणि स्पीकरमधून टुण-टुण.

ते टुणकन म्हणजे यूएसबीचं उपकरण निघाल्याचा आणि परत लागल्याचा आवाज. आण्णांनी पहिल्याच दिवशी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. लिहूनही घेतलं होतं मी.

यावेळी क्रॅश झाला नाही. तासाभरात तीनदा टुणटुण झालं आणि तिन्ही वेळा मशीन तगून राहिलं, फक्त सॉफ्टवेअरनं पोर्ट सोडला, तो आण्णांनी परत उघडला. ते म्हणाले, "हे तर रोजचंच." रोजचं असल्यामुळे कुणी सांगितलं नव्हतं.

वेल्डिंगचा काट्यावरचा परिणाम ही कॉम्प्युटरपेक्षा मोठी गोष्ट आहे. वेल्डिंगचा करंट काट्याच्या लोखंडातून परत जात असेल, तर तो लोडसेलमधूनही वाट काढतो. लोडसेल जळतात, हे वजनकाट्यावाल्यांचं पहिलं पथ्य. आणि त्या वेळी काट्यावर गाडी असली तर? साहेबांना लगेच सांगितलं: वेल्डिंगची जागा हलवा, चिमटी ट्रॉलीलाच सांध्याजवळ लावायची, आणि रॉड चालू असताना वजन घ्यायचं नाही. साहेब ऐकता ऐकता गंभीर झाले. बापू थोडे रागावले. तीस वर्षं इथंच चिमटी लावतोय म्हणाले.

२१ डिसेंबर, शनिवार

ठिणगी सापडली, पण घर पेटतं कशामुळे ते बाकी आहे. उपकरण चालू असताना निघालं म्हणून विंडोज पडायला नको. पेनड्राइव्ह लोक रोज उपटतात. चांगल्या ड्रायव्हरला हे गृहीत धरावंच लागतं.

तसलाच कन्व्हर्टर बाजारातून आणला, त्याच निळ्या पारदर्शक वेष्टनातला. दुकानातल्या एका जुन्या मशीनवर विंडोज १० टाकून तोच २०१० चा ड्रायव्हर चढवला. दुसऱ्या बाजूला लॅपटॉपवर दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट, जी इंडिकेटरसारखं वजन पाठवत राहते. टर्मिनल प्रोग्राम उघडा, आकडे वाहायला लागले की यूएसबी ओढून काढा, परत लावा.

एक. काही नाही. दोन. काही नाही. मुलगा शाळेतून आला, त्याला हे काम दिलं. सतराव्या वेळी निळं. त्यानं टाळ्या वाजवल्या.

मग ड्रायव्हर व्हेरिफायर. कमांडमध्ये 'व्हेरिफायर' टाइप केलं की उघडतो, विंडोजमध्येच असतो. फक्त त्या एका ड्रायव्हरवर स्टँडर्ड सेटिंग लावलं, रिस्टार्ट. यातलं 'स्पेशल पूल' आपल्या कामाचं. ते काय करतं, तर त्या ड्रायव्हरनं मागितलेली मेमरी स्वतंत्र पानांवर देतं, आणि त्यानं ती परत केली की त्या पानावर कुलूप घालतं. कोणी परत हात लावला की जागच्या जागी पकड.

पहिल्याच ओढणीला निळं. कोड डी-५: 'ड्रायव्हर पेज फॉल्ट इन फ्रीड स्पेशल पूल', आणि खाली स्वच्छ अक्षरात कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरचं नाव. परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदाही.

आण्णांना फोनवर असं सांगितलं: भाडेकरूनं खोली सोडली, पण किल्ली खिशात ठेवली. वायर निघाली की हा ड्रायव्हर खोली सोडतो, पण त्याचं एक काम अर्धवट राहिलेलं असतं, ते आठवून परत आत शिरतो. खोली अजून रिकामीच असेल तर कुणाला काही कळत नाही. तेवढ्यात नवीन भाडेकरू आला असेल तर राडा. कधी नवा भाडेकरू नेटवर्क कार्ड, कधी खुद्द कर्नेल. म्हणून दर वेळी वेगळ्याचं नाव, आणि म्हणून दर टुणकनला क्रॅश नाही.

"आणि घरमालक?" आण्णांनी विचारलं. घरमालक पूर्ण इमारतच बंद करतो म्हटलं, निळा रंग देऊन.

काट्याच्या मशीनवर व्हेरिफायर लावायचा मोह पहिल्या आठवड्यातच झाला होता, मुद्दाम टाळला. तो क्रॅश कमी करत नाही, लवकर आणि हमखास घडवतो. एखाद्या बूटलाच लागणाऱ्या ड्रायव्हरवर लावला तर मशीन वर येईचना होतं, मग सेफ मोडमध्ये जाऊन 'व्हेरिफायर स्लॅश रिसेट'. रांग उभी असताना हे प्रयोग नकोत. दुकानातल्या मशीनवरचा आठवणीनं काढला.

२२ डिसेंबर, रविवार

मग नवा ड्रायव्हर का नाही टाकायचा? टाकून बघितला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड १०, 'डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही'. चिप नकली आहे. खऱ्या चिपच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर नकली ओळखतो आणि काम नाकारतो. आधीच्या माणसानं २०१० चा का शोधून काढला असेल ते आता कळलं. नकली चिपवर चालणारा तोच होता.

ही भांडणं जुनी आहेत. २०१४ मध्ये एफटीडीआय ह्या दुसऱ्याच चिप कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून गेला, जगभर लोकांची उपकरणं मुकी झाली. ओरड झाल्यावर तो मागे घेतला. आपण मात्र दुकानदाराला "चांगलं द्या" एवढंच म्हणू शकतो, वेष्टन तर सगळ्यांचं सारखंच.

खरा कन्व्हर्टर घेणं हा एक मार्ग. पण पुढच्या हंगामात ती केबल कुणीतरी कुठंतरी नेणार, आणि ऐनवेळी बाजारातून निळी पारदर्शक येणार. त्यापेक्षा त्यांच्या मदरबोर्डवर कॉम पोर्टाचा हेडर (वायर लावायच्या पिना) आहे, रॅम बदलताना बघितला होता. मागच्या बाजूला एक ब्रॅकेट लावलं की खरा सिरियल पोर्ट मिळतो. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच आहे, बाहेरचं काही टाकायचं नाही.

फक्त एक धोका. आतापर्यंत वेल्डिंगचा झटका तो बिचारा कन्व्हर्टर खात होता, आता तो थेट मदरबोर्डला जाईल. म्हणून मधे ऑप्टो-आयसोलेटर हवा. त्यात सिग्नल प्रकाशाच्या उडीनं पलीकडे जातो, तांब्याचा संबंध तुटतो. अडीच हजार व्होल्टचं आयसोलेशन लिहिलेला मागवला. ब्रॅकेट दीडशेचं, आयसोलेटर त्याच्या दहापट. साहेबांनी लगेच हो म्हटलं, उणे १० चा आकडा त्यांच्या डोक्यात बसलाय.

२६ डिसेंबर, गुरुवार

कारखाना साफसफाईसाठी बंद, काट्याला चार तासांची उसंत. ब्रॅकेट लावलं, बायोसमध्ये सिरियल पोर्ट चालू केला, काहीच येईना. एकही अक्षर नाही.

नऊ पिनी कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना जंपरनं जोडल्या. असं केलं की आपण टाइप केलेलं आपल्यालाच परत दिसायला हवं. दिसलं नाही. म्हणजे इंडिकेटर आणि आयसोलेटर दोघं निर्दोष, घोटाळा ब्रॅकेटमध्ये. हे मला ठाऊक असायला हवं होतं: या ब्रॅकेटच्या वायरिंगचे दोन प्रकार असतात, एकात चपटी वायर सरळ दाबलेली, दुसऱ्यात पिनांचे नंबर जुळवून फिरवलेली, आणि बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. नशिबानं दुकानदाराकडे दोन्ही होते म्हणून दोन्ही आणले होते. दुसरा लावला, जंपर लावला, 'अ' दाबला की 'अ' आला. मीटरवर तासभर पिना मोजण्यापेक्षा दीडशे रुपये स्वस्त पडले.

पुढची अडचण नंबरची. नवा पोर्ट कॉम-१, सॉफ्टवेअरला कॉम-३ च हवा आणि ते बदलायचा पासवर्ड सॉफ्टवेअरवाल्याकडे, तो सुट्टीवर. कॉम-३ 'वापरात आहे' म्हणतं, कारण जुना कन्व्हर्टर काढला तरी त्याची जागा अडवून आहे. लपलेली उपकरणं दाखवा म्हटलं तर एक नाही, पाच निघाले! ज्या ज्या यूएसबी भोकात कधी तो लावला होता, त्या प्रत्येकाचा एक. सगळे काढले, ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसा ही खूण करून. तरी पीएनपी-यूटिल ह्या कमांडनं यादी काढून बघितली, ड्रायव्हर स्टोअरमध्ये अजून एक प्रत बसलेली. तीही काढली. हे केलं नसतं तर कुणी तो कन्व्हर्टर परत लावताक्षणी २०१० साल परत आलं असतं.

कॉम-१ ला कॉम-३ नाव दिलं. सिरियल बॉलपॉइंट इथंही उपटलाच, सिरियल माऊसचा ड्रायव्हर रजिस्ट्रीत कायमचा बंद केला. आण्णा काट्यावर जाऊन उभे राहिले. इंडिकेटरवर ७०, स्क्रीनवर ७०. "जेवण झालंय," असं त्यांनी स्पष्टीकरण दिलं.

काढलेला कन्व्हर्टर मी घेऊन आलो. तिथं ठेवला असता तर कुठल्यातरी ड्रॉवरमधून परत बाहेर आला असता.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आठवडा झाला, एकही ४१ नाही. पण मागचा शांत आठवडा आठवतो. बापू हजर आहेत का विचारलं. आहेत, रोज वेल्डिंग चालू आहे, चिमटी ट्रॉलीला. मग ठीक.

रात्रपाळीच्या पोराला मात्र पंधरा मिनिटं बसवून ४१ ची नोंद आणि तिच्यातला आकडा कुठं दिसतो ते दाखवलं. त्यानं मोबाइलवर फोटो काढून घेतले.

१६ जानेवारी, गुरुवार

तीन आठवडे. नोंद ४१ एकच, ९ जानेवारी, आकडा शून्य. पोरानंच शोधून सांगितलं की झाडूवाल्या मावशींनी यूपीएसची पिन काढली होती. बिल दिलं.

निघताना सहज रिकाम्या गाड्यांच्या काट्याच्या केबिनमध्ये डोकावलो. तिथली तक्रार कधीच नव्हती. डिव्हाइस मॅनेजर उघडला: निळी पारदर्शक केबल, ड्रायव्हर २०१०. खिडकीतून बाहेर बघितलं तर समोरच बापू. वेल्डिंगची जागा हलवा म्हणून मीच सांगितलं होतं, साहेबांनी ती इकडं आणून दिली आहे.

माझ्याकडे ब्रॅकेट एकच शिल्लक आहे, उलट्या वायरिंगचं. हा बोर्ड कुठल्या वायरिंगचा आहे ते उद्या उघडल्यावर कळेल.